चोथ्याची बाजू

"आधी चावा, मंग बोला."

असं म्हणून ते कोटाच्या खिशातून गाजर काढायचे, रुमालाने पुसायचे, मधोमध मोडायचे आणि जाडसर अर्धं समोरच्याच्या हातात ठेवायचे. बारीक शेंडा स्वतःकडे. समोर हेडमास्तर असोत, मुलाची तक्रार घेऊन आलेला बाप असो, की शाईच्या बाटल्या विकायला आलेला एजंट, गाजर घेतल्याशिवाय सुटका नसे. आणि तुकडा एकदा तोंडात गेला की वाद संपलाच म्हणून समजा. कारण घास बत्तीस वेळा चावायचा हा त्यांचा दंडक, आणि तेवढ्या वेळात ते आपलं सगळं म्हणणं मांडून मोकळे होत. तोंड भरलेला माणूस मान हलवण्यापलीकडे काय करणार? त्या मान हलवण्याला ते होकार धरत.

तुमच्याही शाळेत किंवा कचेरीत असा एखादा असेलच. एकच गोष्ट धरून बसलेला, आणि सगळ्यांनी त्याची नक्कल करून करून घासून गुळगुळीत केलेला. नक्कल करणाऱ्यांत मी पहिला होतो. त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. त्यांना ओळखणारे अजून आहेत, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांच्यापेक्षा माझी लाज जास्त आहे.

अमरावतीच्या एका शाळेत ते सायन्स शिकवायचे आणि मी ड्रॉइंग. नागपूरची राजधानी गेली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो त्या सुमाराची ही गोष्ट. मी मूळचा अकोल्याचा. अमरावतीत एक खोली घेऊन राहत होतो, सडाफटिंग होतो, आणि त्यांचं घर माझ्या खोलीपासून चार घरं टाकून होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "ड्राइंगवाले, इतवारी कुठं जेवता?" मी खानावळीचं नाव सांगितलं. "तिथं भाजी उकडून मारतात," ते म्हणाले, आणि तेव्हापासून माझा रविवार त्यांच्या घरी लागला. पाच वर्षं मी ते जेवण जेवलो.

त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे रस. मोटार स्टँडजवळ एकाने हाताने फिरवायचं यंत्र आणून फळांचा, गाजराचा रस विकायला सुरुवात केली होती. मोर्शीकडची संत्री असत, हिवाळ्यात लालभडक गाजरं असत, आणि संध्याकाळी शाळेतले अर्धे मास्तर तिथे उभे असत. मीही असे. हे मात्र तिथे येऊन पेल्याकडे न पाहता यंत्राखालच्या टोपलीकडे पाहत. टोपलीत चोथा साठलेला असे.

"याचं काय करतो तू?" ते रसवाल्याला विचारत.

"म्हशीले टाकतो, गुरुजी."

"मंग खरं जेवन तं म्हशीनं केलं. हे लोक काय पिऊन राहिले?"

रसवाला हसे. धंद्याच्या वेळी असला माणूस दारात उभा असावा असं कोणाला वाटेल? पण तोही त्यांना टाळत नसे. जाताना ते चोथ्यातली चिमूटभर उचलून तोंडात टाकत आणि चावत चावत घरी जात.

मी त्यांना मुद्दाम डिवचत असे. म्हणायचो, "मास्तर, सत्त्व सगळं रसात उतरतं. चोथा म्हणजे नुसता भुसा."

"उतरते ना. मी कुठं नाई म्हनतो? पन सगळं नाई उतरत," ते बोटांवर मोजत सांगायचे. "आन् जे उतरते ते तुमी दोन घोटांत पिऊन टाकता. पाच गाजराची साखर एका दमात पोटात. पाच गाजरं चावून दाखवा बरं मले! दुसऱ्या गाजराले जबडा म्हनते, बस. ते बस म्हननंच मोठं पोषन हाये, ड्राइंगवाले. रसाले बस म्हनता येत नाई. आन् किसलं का हवा लागते, हवा लागली का जीवनसत्त्व उडालं. चोथा नाई गेला पोटात तं पोट झाडन कोन? तुमी?"

यावर मी सांगायचो की रस पचायला हलका, अशक्त माणसाला तोच बरा. ते क्षणभर विचार करत आणि "आजाऱ्याले ठीक हाये" असं पुटपुटत. मग लगेच, "पन तुमी कुठं आजारी हा?" आणि खिशातून गाजर.

एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांनी याचं प्रदर्शन मांडलं. तक्ता मी रंगवला. डावीकडे पानांसकट गाजर, उजवीकडे रसाचा पेला, खाली दोन्हींचं काय काय पोटात जातं त्याच्या ओळी. तक्त्यापुढे टेबल. ते गाजरं तराजूत टाकत, किसत, फडक्यात घालून पिळत, मग रस एका पेल्यात आणि चोथा कागदावर ठेवून पोरांना विचारत, "सांगा, यातलं पानी कोनतं आन् भाजी कोनती?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत. शाळा तपासणारे साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेला उचलला, घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे हो." हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. कारण त्यांना ठाऊक होतं की हा गृहस्थ आता साहेबांनाही सोडायचा नाही.

"गोड लागते म्हनूनच फसता तुमी!" ते म्हणाले, आणि साहेबांच्या हातात चोथ्याची पुडी दिली.

तो तक्ता मग सायन्सच्या वर्गात भिंतीवर कायमचा लागला. मलाही तो आवडायचा. गाजराचा लाल रंग चांगला जमला होता.

त्यांच्या घरी दोघंच. मूलबाळ नव्हतं. वहिनी अंजनगाव सुर्जीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. वावरात भाकर खाऊन वाढलेल्या, त्यामुळे हात पटपट चाले. मास्तरांचा अकरावा चावा होईपर्यंत त्यांची एक भाकर संपलेली असे. आम्ही तिघं एकत्रच बसायचो, हे त्या काळात त्या गल्लीत नवीन होतं, आणि ती मास्तरांच्याच हट्टाची गोष्ट होती. बाई मागून जेवली की थंड आणि उरलंसुरलं खाते, असं ते म्हणत. मास्तरांच्या ताटात कोबीची कच्ची पानं, मुळा, गाजर, पालकाचे देठ. जेवताना पाणी प्यायचं नाही, हा दुसरा दंडक. पाण्याने घास न चावता खाली ढकलला जातो म्हणून तांब्या बाहेरच्या खोलीत.

"गिळते नुसती," ते माझ्याकडे वहिनींची तक्रार करत. "चावतच नाई."

"आमच्या बापाच्या घरी ढोरं कच्चं खात आन् मानसं रांधून खात, भाऊजी," वहिनी मला म्हणत. "इथं उलटं हाये. म्या रांधते आन् हे ढोरावानी चावून राह्यतात."

मास्तरही हसत. पण हसता हसता म्हणत, "एक दिवस ऐकशीन माझं."

आणि एका उन्हाळ्यात वहिनींनी ऐकलं. निदान आम्हाला तसं वाटलं.

त्या रविवारी मी पाहिलं तर वहिनी सावकाश जेवत होत्या. घास लहान, आणि चावणं चाललंच आहे. मास्तर डावा हात मांडीवर ठेवून बोटांची पेरं मोजत होते. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. वहिनींचा घास उतरल्यावर हळूच म्हणाले, "अठ्ठावीस. पाह्यलं? मी काही बोललो नाई. आपल्या मनानं करून राहिली."

सोमवारी ही बातमी शाळेत सगळ्यांना कळली. मास्तरांना लग्न झाल्यावरही एवढा आनंद झाला नसेल. मधल्या सुट्टीत ते ज्याला त्याला सांगत, माझ्या घरात आता एक भाकर खायला अर्धा तास लागतो. काही दिवसांनी पाऊण तास. वहिनी बारीक झाल्या तेव्हा ते म्हणाले, "अंग हलकं झालं. फालतू खानं गेलं ना." गल्लीतल्या बायकांनाही त्यांनी वहिनींचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. संसारात पहिल्यांदाच नवऱ्याने चारचौघांत आपलं कौतुक करावं, त्या बाईला काय वाटलं असेल?

एकदा जेवता जेवता त्या म्हणाल्या, "घास अडकते वो."

"कावून अडकते? चावत नाईस," मास्तर म्हणाले. "अजून चाव. तोंडातल्या तोंडात पानी झालं पाह्यजे घासाचं."

मी तिथेच बसलो होतो. मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "वहिनी, बत्तीस झाले, आता चौसष्ट करा. मास्तर बक्षीस देतील." त्या हसल्या. मान खाली घालून पुन्हा चावायला लागल्या. ते माझं वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल, त्याची गणती नाही.

याहून वाईट पुढे आहे. साधारण महिन्याभराने असाच रविवार होता. मास्तर जेवून ओटीवर गेले होते आणि वहिनींचं अजून व्हायचं होतं. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि परत येताना स्वयंपाकघरात डोकावलो. वहिनी भिंतीला पाठ टेकून उभ्या होत्या. एका हातात तांब्या. दुसरा हात छातीवर दाबलेला. डोळे गच्च मिटून त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मान पुढे काढली, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे उघडले तर समोर मी.

"भाऊजी, यायले सांगू नका," त्या ओटीकडे पाहून म्हणाल्या.

मी ओठांवर बोट ठेवून हसलो. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बाई मोठी हुशार. समोर बत्तीस चावे दाखवते आणि आत येऊन चोरून पाणी पिते. मास्तरांचा कसा पचका झाला! पुढचे आठ दिवस मी ही गंमत मनात ठेवून एकटाच हसत होतो. त्यांचे मिटलेले डोळे मला दिसले नव्हते असं नाही. चांगले दिसले होते. माणसांचे चेहरे काढण्यात माझा हातखंडा, असं शाळेत सगळे म्हणत. पण मला तेव्हा गंमत हवी होती, म्हणून मी त्यात गंमत पाहिली.

दुसऱ्या वर्षीची दिवाळी झाली. एका संध्याकाळी मास्तर माझ्या खोलीवर आले. कोट नव्हता, टोपी नव्हती. म्हणाले, "मऊ भात केला होता, पातळ वरन घातलं. तेई वापस आलं. तीनदा." मग खाटेवर बसले. "चावून राहिली होती ना हो ती नीट?" असं त्यांनी मला विचारलं.

अकोल्याला माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे एक्स-रेचे फोटो काढायचं यंत्र होतं. आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीने गेलो. डॉक्टरांनी वहिनींना पांढरं, खडू कालवल्यासारखं औषध प्यायला दिलं. ते त्यांनी कसंबसं उतरवलं. फोटो काढले. मग खोलीत बसवून डॉक्टर माहिती लिहून घेऊ लागले.

"जेवायला वेळ कधीपासून लागतो?"

"दीड वर्सापासून," मास्तर लगेच म्हणाले. सवयीने त्यांच्या आवाजात तोच जुना अभिमान आला. "मीच सवय लावली. बत्तीस वेळा..."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. मास्तर अर्ध्यावरच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता त्यांना कळलं. असा चेहरा मी कधी काढलेला नाही, आणि काढू म्हटलं तर हात चालणार नाही.

वहिनी खाली पाहत हळू म्हणाल्या, "दीड नाई. दोन वर्सं झाले. पयले सा महिने यायच्या ध्यानात नाई आलं."

अन्ननळीत गाठ होती. मुंबईला नेऊन पाहा, डॉक्टर म्हणाले, पण माझ्याशी बाजूला बोलताना उशीर फार झाला आहे हेही म्हणाले. वहिनींनी मुंबईला जायला साफ नकार दिला. निघताना मास्तरांनी विचारलं, आता खायला काय द्यायचं? डॉक्टर म्हणाले, "पातळच द्या. दूध, ताक, वरणाचं पाणी. भाज्यांचा रस द्या, गाजराचा चांगला. गाळून द्या मात्र."

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मास्तर त्यांच्या शेजारी. मूर्तिजापूर गेलं. मग मास्तर म्हणाले, "तू मले तवाच कावून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मंग तुमी खुश होते. लय वर्सांनी खुश होते माझ्यावर. म्हनून मंग नाई बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मास्तर माझ्या दारात. मलमलचं जुनं फडकं आहे का, म्हणून. माझ्याकडे एक पातळ उपरणं होतं ते दिलं. तेव्हापासून त्यांचा रोजचा क्रम ठरला. पहाटे इतवारा बाजारात जाऊन गाजरं निवडून आणायची. धुवायची, सोलायची, किसायची, फडक्यात घालून पिळायची. पिळताना त्यांच्या हाताच्या शिरा ताठ होत. स्नेहसंमेलनात पोरांसमोर त्यांनी हे केलं होतं, पण तेव्हा रस वाईट आहे हे दाखवायला. आता प्रत्येक थेंब वाटीत पडतोय की नाही ते वाकून पाहत.

आणि तरी त्यांचा जीव चोथ्यात अडकलेलाच होता. एवढं पोषण मागे राहतंय आणि ही दिवसेंदिवस वाळतेय, हे त्यांना सहन होईना. एकदा त्यांनी चोथा पाट्यावर घेतला, तासभर वाटला, अगदी गंधासारखा केला, आणि त्यातला चमचाभर रसात मिसळला. त्यांना वाटलं, एवढा बारीक केला तर उतरेल. त्या दिवशी दिवसभर वहिनींना ठसका लागला. जीव घाबरा होऊन त्या भिंतीला धरून बसल्या होत्या आणि हे पाठ चोळत होते. त्या दिवसापासून ते रस दोनदा गाळू लागले.

चोथा मात्र त्यांनी टाकला नाही. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ते स्वतः खात. मी एकदा सकाळी गेलो तर आत वहिनी अंथरुणात उशीला टेकून वाटीतून घोट घोट रस घेत होत्या आणि हे चुलीपाशी उभे राहून मूठ मूठ चोथा तोंडात टाकून चावत होते. दोघांत मिळून एक गाजर खाल्लं जात होतं. मला तिथे उभं राहवेना.

वहिनींनी मला पाहिलं आणि जवळ बोलावलं. आवाज बसला होता. म्हणाल्या, "पाह्यलं का, भाऊजी? जन्मभर रसाले शिव्या देल्या यायनं. शेवटी रस काढायले लावलाच ना म्या?"

त्या हसत होत्या. चुलीपाशी चावण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच सुमाराला मास्तरांनी मला वर्गात नेलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. मला वाटलं, काढून टाका म्हणतील. ते म्हणाले, "यात एक चूक झाली. गाजरात काय हाये ते आपन लिवलं. रसात काय हाये ते लिवलं. खानारा कसा हाये ते इचारलंच नाई." मग म्हणाले, "खाली लिवा. हे धडधाकट मानसासाठी. गिळता येत नसन तं आधी डॉक्टरले दाखवा."

मी ब्रश घेऊन खाली बारीक अक्षरांत लिहिलं. ते मागच्या बाकापर्यंत चालत गेले, तिथून पाहिलं आणि ओरडले, "मोठं लिवा! इथून दिसलं पाह्यजे." मी पुसून पुन्हा मोठं लिहिलं. गाजराच्या पानांवर अक्षरं गेली, चित्र बिघडलं. पण ते हलले नाहीत. वाचता येईपर्यंत मला तीनदा पुसायला लावलं.

होळीनंतर बाजारातली गाजरं संपत आली. जी मिळत ती लाकडासारखी, पिळली तरी रस निघत नसे. मास्तर दुधी, काकडी, टमाटे, जे मिळेल ते आणून पिळत. वाटीचे चार चमचे झाले, चाराचे दोन. चैत्रातल्या उन्हाने घराचा पत्रा तापायला लागला तेव्हा रसाचा चमचा ओठांशी नेला तरी तो कडेने गळ्यावर ओघळायचा, आणि मास्तर तो पुसून पुन्हा दुसरा भरायचे. वैशाखात एका सकाळी त्या गेल्या. शाळेला सुट्टी होती, गाव अर्धं रिकामं होतं. मोक्षधामापर्यंत आम्ही दहा-बारा माणसं होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ते आले. कोट तोच, खिसे रिकामे. कोणी गाजराचा विषय काढला नाही, आणि त्यांनीही पुन्हा कधी काढला नाही. मधल्या सुट्टीत मात्र एक नवीन सुरू झालं. पोरं झाडाखाली डबे घेऊन बसली की हे त्यांच्यामधून फिरत. एखादं पोर सावकाश खात असलं की त्याच्यासमोर उकिडवे बसत. "गिळतानी दुखते का रे?" पोरगं घाबरून नाही म्हणे. "खरं सांग. दुखत असन तं मले सांग." पोरांनी त्याचीही नक्कल केली. या वेळी मी हसलो नाही, पण पोरांना रागावलोही नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायकोला मी सगळं सांगितलं होतं, म्हणजे पाण्याच्या तांब्याचं सोडून सगळं. मास्तरांना आम्ही रविवारी जेवायला बोलवायला लागलो. ते येत, जे वाढू ते खात, शिजलेलं खात, पाणी पीत. एका रविवारी बायकोची दाढ दुखत होती आणि ती एका बाजूने हळूहळू चावत होती. मास्तरांचा हात ताटात थांबला.

"वैनी, घास अडकते का?"

"नाही हो, दाढ दुखते."

"यायले सांगू नका. यायच्यानं ऐकनं नाई होत. मले सांगा," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

तिने पुन्हा दाढेचंच सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी स्वतः भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिच्या ताटात ठेवला, शेजारी पेला भरून ठेवला, आणि म्हणाले, "हा खा. माझ्यासमोर." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दुखऱ्या दाढेने तो तुकडा चावला आणि गिळला, आणि तो उतरेपर्यंत हे तिच्या गळ्याकडे पाहत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि खाली मान घालून जेवायला लागले. ते गेल्यावर बायको रडली. म्हणाली, या माणसाला एकटं राहू देऊ नका.

पण ते गावातच राहिले नाहीत. मोर्शीच्या एका शाळेत जागा निघाली आणि त्यांनी तिकडे अर्ज केला. अमरावतीचं ते घर त्यांना नको झालं होतं. मी त्यांना मोटारीत बसवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. रसवाल्याचं दुकान आता मोठं झालं होतं, विजेचं यंत्र आलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मोटार सुटायला वेळ होता. ते खिडकीशी बसले, मी खाली उभा. ते म्हणाले, "ड्राइंगवाले, एक इचारू?"

"विचारा ना."

"तुमी पाच वर्सं दर इतवारी आमच्याकडं जेवत होते. तिच्यासमोर बसत होते. मी तं मोजन्यात होतो. तुमाले कधी काही दिसलं होतं का?"

कंडक्टर टपावर सामान चढवत होता. मला तेव्हा सांगता आलं असतं. सांगायचं होतं तर तीच वेळ होती.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."

त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली. "तुमालेई नाई दिसलं," ते म्हणाले. मग पुन्हा, "तुमी चित्रं काढनारे. तुमाले नाई दिसलं तं मले कसं दिसन?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झालेला मी पाहिला. मोटार सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून हातही केला.

ते खोटं मी त्यांच्यासाठी बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. असेलही. पण तोंडातून "नाही" निघालं तेव्हा त्यांचा विचार मनात नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं.

मोर्शीत ते फार दिवस काढू शकले नाहीत. ते वारल्याची बातमी शाळेत आली तेव्हा हेडमास्तरांनी हॉलमध्ये सभा घेतली आणि मला बोलायला सांगितलं, कारण त्यांच्या घरचा माणूस म्हणून सगळे मलाच ओळखत. मी उभा राहिलो. खिशातलं गाजर सांगितलं, साहेबांनी घटाघटा प्यायलेला पेला सांगितला, म्हशीचं जेवण सांगितलं. नक्कल मला चांगली येत होती. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. वहिनींबद्दल दोन वाक्यं बोललो, तांब्याचं सोडून, आणि खाली बसलो.